निळ्या पट्टीचे शनिवार

अंगठा हलला की आमचं काम सुरू व्हायचं.

समोरच्या माणसाला खुर्चीत बसवायचं, कानातलं, पिना, चष्मा काढून ठेवायला सांगायचं, कानांत बोळे द्यायचे आणि डोक्यावर पोहताना घालतात तशी घट्ट टोपी चढवायची. मग आत तारेचं वेटोळं असलेलं, पुरीएवढं कडं टोपीवर टेकवून एकेक ठोका द्यायचा. 'टक्' असा आवाज होई आणि डोक्याच्या कातडीला कुणी टिचकी मारल्यासारखं वाटे. अर्धं बोट पुढे, अर्धं बोट मागे असं सरकवत गेलं की एक जागा अशी यायची, जिथे ठोक्याबरोबर समोरच्याचा अंगठा टुणकन उडायचा. त्याने न उडवता. भली दांडगी माणसं त्या वेळी आपल्याच अंगठ्याकडे परक्याकडे बघावं तशी बघत बसत. मी टोपीवर पेनाने फुली मारायची. सांगायला संकोच वाटत नाही, माझी फुली सहसा चुकायची नाही. बाहेरगावचे डॉक्टर पाच-सात मिनिटं चाचपडत, मी दोन मिनिटांत अंगठा उडवून दाखवायची.

मी मूळची धारची. आजोबा संस्थानात कारकून होते, वडील शाळामास्तर. नव्वदच्या दशकात धारच्या एका खाजगी दवाखान्यात मी मेंदूचा आलेख काढायचं काम शिकले. डोक्याला ठिकठिकाणी तारा चिकटवायच्या आणि कागदावर रेघा उमटवून घ्यायच्या, असं ते काम. त्यात सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे तेल. 'डोकं कोरडं ठेवून या' असं बजावून सांगितलं तरी आमची मराठी मंडळी दवाखान्यात जायचं म्हणून खास तेल थापून, भांग पाडून येत. एका आजोबांनी मला गंभीरपणे विचारलं होतं, "बाई, या कागदावर मनातलं येतं का? आलं तर सूनबाईला दाखवू नका."

लग्न होऊन देवासला आले. यजमान कारखान्यात होते. मी एका धर्मादाय पुनर्वसन केंद्रात लागले. अपघातात हातपाय गमावलेले कामगार तिथे व्यायामाला येत, आणि मागच्या इमारतीत व्यसन सोडवायला आलेली माणसं राहत. दोन हजार सालानंतर तिथे हे यंत्र आलं. बाहेरच्या एका संस्थेचं संशोधन होतं. प्रश्न साधा होता : जुनाट दुखणं आणि त्या दुखण्यापायी लागलेलं व्यसन, ही दोन्ही मेंदूला बाहेरून चुंबकाचे ठोके देऊन कमी होतात का? त्यांना आमचंच गाव का सापडलं, हे माळव्यातल्या माणसाला सांगायला नको. कारखाने होते, आग्रा-मुंबई रस्ता होता, म्हणून मोडलेली माणसं होती. आणि डोडा होता. डोडा म्हणजे अफूचं वाळलेलं बोंड. त्याचा चुरा पाण्यात भिजवून, गाळून पितात. ढाब्यांवर ट्रकवाले चहासारखं ते पाणी पीत. दुखणं थांबतं, झोप येते, आणि मग त्याच्यावाचून पाय उचलत नाही.

संशोधनाला माणसं आपखुशीने यायची. प्रत्येकाला रोज एक याप्रमाणे वीस बैठका. त्यातल्या निम्म्यांना खरे ठोके आणि निम्म्यांना खोटे, म्हणजे आवाज तोच, टिचकी तीच, पण आत मेंदूपर्यंत काही पोचत नाही असे. अंगठा शोधायचं कडं लहान आणि सगळ्यांना एकच. उपचाराची कडी मोठी, दोन, अगदी सारखी. एकाला हिरवी पट्टी, दुसऱ्याला निळी. पाकीट फोडायचं, आत जो रंग लिहिला असेल ते कडं लावायचं. खरं कोणतं, हे पेशंटला माहीत नसायचं, दुखणं मोजणाऱ्या डॉक्टरांना नसायचं, आणि मलाही नसायला हवं होतं.

हे सगळं माणसांना समजावून सांगून त्यांची सही घ्यायची, हा त्या नोकरीतला अवघड भाग. धरमपुरीहून एक म्हातारे नावाडी आले होते, गुडघ्यापासून पाय गेलेले. नसलेल्या पायाची बोटं त्यांना दुखायची. मी अर्धा तास समजावलं. ते शांतपणे म्हणाले, "आधे लोगों को झूठा लगाओगे? तो बेटी, ऐसा करो, मेरे को आधा-आधा लगा दो." मनावर गावच्या एका ट्रक ड्रायव्हरने विचारलं, "मैडम, डोडा भूल जाऊँगा वो ठीक है, रस्ते तो नहीं भूलूँगा?" नाही म्हटल्यावर तो बसला, आणि वीसच्या वीस बैठका झोपून काढल्या.

पहिली चूक मी पहिल्याच महिन्यात केली. जेवणाच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. मी स्वतःच्या डोक्यावर लहान कडं फिरवून जागा शोधली आणि मग दोन्ही मोठी कडी आळीपाळीने लावून बघितली. हिरव्या पट्टीने माझा अंगठा उडाला. निळ्याने नुसतं टक्-टक् झालं. कुतूहल होतं, दुसरं काही नाही. यंत्र चालवणाऱ्याला यंत्र माहीत नको का, असं मी मनाशी म्हटलं. त्या दिवसापासून पाकीट फोडताना मला कळू लागलं, की या माणसाच्या वाट्याला काय आलंय. चेहऱ्यावर काही दिसू न देण्याचा मला पुढे अभिमानही वाटायला लागला.

दिनकर बोरसे आमच्याकडे आले ते शकुंतलाबाईंबरोबर, त्यांच्या पत्नीबरोबर. मूळचे खानदेशातले, कारखान्यात प्रेसवर काम करायला आलेले. शकुंतलाबाईंचं माहेर कन्नौदचं. काही वर्षांपूर्वी सासुरवाडीला मोटरसायकलवरून जाताना बोरसे घसरले, उजव्या खांद्यावर आपटले. हाड मोडलं नाही, पण हाताच्या नसा मानेतून मुळासकट उपटल्या गेल्या. हात जागेवर होता आणि नव्हता. गळ्यातल्या पट्ट्यात तो पांढऱ्या, मऊ बोटांचा हात निजलेला असायचा. हलत नव्हता, टोचलं तर कळत नव्हतं, पण आतून जळायचा.

"ताई, गरम तवा मुठीत धरलाय आणि मूठ उघडत नाही, असं," ते म्हणाले. "चोवीस तास."

कारखान्याने त्यांना प्रेसवरून काढून टाइम ऑफिसात, हजेऱ्या लिहायला, बसवलं होतं. गोळ्या, इंजेक्शनं, झाडपाला सगळं झालं होतं. मग कुणा ड्रायव्हरने डोडा दिला. सुरुवातीला एक चमचा, आमच्याकडे आले तेव्हा दिवसाला तीन वेळा वाटीभर. ते लपवत नव्हते. "ताई, मी व्यसनी नाही असं मी म्हणणार नाही. पण आधी हात आला, मग डोडा. क्रम लिहून घ्या."

सहीच्या दिवशी त्यांची मुलगी वैशाली आली होती. कॉलेजात शिकत होती. शिक्षण हिंदीत झालेलं, म्हणून मराठीतला फॉर्म तिला अडखळत वाचावा लागला. एक-दोन शब्दांना तिने मला विचारलं, "इसका मतलब?" निम्म्यांना खोटे ठोके, हे वाक्य तिने दोनदा वाचलं. बोरसे म्हणाले, "चालेल." आणि डाव्या हाताने, जीभ दातांत धरून, सही केली.

उजवा अंगठा उडणं शक्यच नव्हतं, म्हणून मी त्यांच्या डाव्या अंगठ्यावरून जागा शोधली, तेवढंच अंतर मोजून दुसऱ्या बाजूला फुली मारली. पाकीट फोडलं. निळी.

पहिला आठवडा काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात गुरुवारी ते खुर्चीतून उठले आणि दाराशी थांबले. "ताई, बोलू का नको असं होतंय. करंगळीची आग थांबलीय." मी वहीत लिहून घेतलं आणि 'बरं' म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात बोटांपासून मनगटापर्यंतची आग ओसरली. डोडा त्यांनी स्वतःहून कमी करायला घेतला. आमचे केंद्राचे डॉक्टर त्यावर देखरेख ठेवून होते. जांभया, नाक गळणं, पायांत गोळे, सगळं झालं आणि निभावलं. चौथ्या आठवड्याच्या अखेरीला वाटीचा चमचा झाला होता, आणि पुढच्या महिन्याभरात तोही सुटला. शकुंतलाबाई मला म्हणाल्या, "ताई, ते रात्रभर झोपतात. मीच जागी राहून बघते, की श्वास चाललाय ना."

खोट्या ठोक्यांनी असं होतं, हे आम्हाला शिकवलं होतं. माणसाला कुणीतरी रोज ठरल्या वेळी जवळ बसवून घेतं, त्याचं दुखणं विचारतं, लिहून घेतं, याचाही मेंदूवर परिणाम होतो. ती काही फसवणूक नव्हे. त्याचाच हिशेब धरता यावा म्हणून तर निळं कडं होतं. पण शिकवलेलं वेगळं आणि समोर बसलेला माणूस वेगळा. बोरसे आपलं बोट दाखवून 'इथून गेलं, इथून गेलं' म्हणत, तेव्हा मला वाटायचं, हे माझ्या हातून होतंय.

वीस बैठका संपल्या. पुढे सहा-सहा महिन्यांनी येऊन दुखणं किती ते सांगायचं, मध्ये कुठलाही उपचार घ्यायचा नाही, असा नियम होता. खरं-खोटं कोणाला काय मिळालं ते सगळ्यांचं संपल्यावरच कळवणार, आणि त्याला अजून दोन-अडीच वर्षं होती.

तिसऱ्या महिन्यात बोरसे एका शनिवारी दुपारी आले. शनिवारी केंद्र अर्धा दिवस असे, सगळे गेले होते, मी वह्या आवरत होते. ते खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे राहिले.

"आग परत चढतेय, ताई. करंगळीत आलीय. काल ढाब्याच्या समोर दहा मिनिटं उभा होतो. गेलो नाही आत. पण पुढच्या वेळी जाईन."

"संशोधनाचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतील, त्यांना विचारू."

"पुढच्या आठवड्यात नको. आज एकदा लावा. एकदाच."

मी नियम सांगितला. ते नुसते खुर्चीत जाऊन बसले, टोपी घालायच्या आधी बसतात तसे, मान ताठ करून. मी कपाट उघडलं. दोन्ही कडी शेजारी टांगलेली होती. हात हिरव्या कड्याकडे गेला होता. मग मनात आलं, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय खरे ठोके देणं म्हणजे जोखीम. नुकतंच व्यसन सुटलेल्या माणसाला फिटचा झटकाही येऊ शकतो. निळ्याने काही अपाय होणार नाही. आणि बरं तर त्याला निळ्यानेच वाटलं होतं. मी निळं कडं काढलं.

त्या वेळी ते मला शहाणपणाचंच वाटलं. अजूनही त्यातला प्रत्येक तुकडा वेगळा घेतला तर खोटा नाही. खोटं होतं ते एवढंच, की मी त्यांना काही सांगितलं नाही.

'एकदाच'चं दर शनिवारचं झालं. जवळजवळ दोन वर्षं. कधी वीज गेली तर आम्ही दोघं ती येईपर्यंत बसून राहायचो. ते कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे. हिवाळ्यात शकुंतलाबाई गराडूच्या कंदाचे काप तळून डब्यात पाठवायच्या, वर मसाला आणि लिंबू वेगळं पुडीत. आग करंगळीत आली की शनिवारी उतरायची. त्यांनी डोड्याला हात लावला नाही. मागच्या इमारतीतल्या माणसांपुढे ते बोलायला जायचे. त्यांच्या सांगण्यावरून चार-पाच जण संशोधनात आले. एका नवरात्रात नवरा-बायको दोघं देवासची टेकडी चढून देवीला जाऊन आले, आणि प्रसाद घेऊन थेट माझ्या घरी.

मधल्या काळात त्यांच्या सहामाही भेटी झाल्या. डॉक्टर विचारत, "मध्ये काही उपचार?" बोरसे माझ्याकडे बघत. मी मान खाली घालून वहीत 'नाही' लिहीत असे. मला माहीत होतं की हे 'नाही' म्हणजे संशोधनात घातलेलं खोटं आहे. निळ्या गटातला एक माणूस काही न घेता दोन वर्षं बरा राहिला, असं त्या वहीवरून दिसणार होतं. मी स्वतःला समजावलं, एका माणसाने काय होतंय.

त्यांना हे कधीतरी सांगायचं, हे मी दर महिन्याला ठरवायची. आज त्यांची झोप लागलीय, आज वैशालीला बघायला पाहुणे येणार आहेत, आज नको. खरं कारण मी फार उशिरा कबूल केलं. मला तो शनिवार हवा होता. इतकी वर्षं मी लोकांच्या डोक्यावर फुल्या मारत होते आणि बरं करण्याचं नाव डॉक्टरांचं व्हायचं. बोरसे माझं नाव घ्यायचे.

मग पत्रं निघाली. ती आमच्या केंद्रामार्फत द्यायची होती, पण संस्थेच्या कचेरीने परस्पर घरच्या पत्त्यावर पाठवली. इंग्रजीत. बोरशांकडचं पत्र वैशालीने वाचलं. आपल्या सहभागाबद्दल आभार, आपण निष्क्रिय गटात होता, आपल्याला निळ्या पट्टीचं उपकरण लावण्यात आलं होतं, त्यात चुंबकीय ठोके नव्हते.

ते शनिवारीच आले, नेहमीच्या वेळेला, वैशालीला घेऊन. पत्र टेबलावर ठेवलं. वैशाली म्हणाली, "आंटी, एकदा तुम्ही पण वाचा. मला वाटतं काहीतरी मिस्टेक आहे. बाबांना तर फायदा झाला ना."

मी वाचलं. म्हणाले, "मिस्टेक नाही."

बोरसे म्हणाले, "तुम्हाला कधी कळलं?"

"आम्हाला सांगत नाहीत. नियमच आहे तसा."

त्यांनी श्वास सोडला. तेवढ्यावर ते उठून गेले असते. माझं वाक्य खरं होतं आणि त्यांना ते पुरलं असतं. पण त्यांची नजर कपाटाकडे गेली, आणि परत माझ्याकडे आली.

"सांगत नाहीत ते ठीक. तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं," मी म्हणाले.

वैशाली पत्राची घडी घालत राहिली. मग बोरसे सावकाश बोलले, एकेक शब्द ठेवत.

"पहिल्या वीस वेळांचं मला काही नाही. कागद होता. पोरीने दोनदा वाचला होता, मी सही केली होती. पण शनिवारी कुठला कागद होता, ताई?"

मी जोखमीचं सांगितलं, झटक्याचं सांगितलं. ते ऐकून घेत होते. म्हणाले, "हे मला तेव्हा सांगितलं असतंत, तर मी निळंच लावा म्हटलं असतं. कदाचित. मला विचारायचं तरी." आणि उठताना डाव्या हाताने उजवा हात पट्ट्यात नीट सरकवला. "दोन वर्षं मी लोकांना सांगत होतो, की मशीनने बरा झालो. त्यांना काय सांगू?"

आग पंधरा दिवसांत खांद्यापर्यंत चढली, असं शकुंतलाबाईंकडून कळलं. मी संशोधनाच्या डॉक्टरांना गाठून सगळं सांगितलं आणि बोरशांना खरे ठोके द्यावेत म्हणून विनंती केली. संशोधनात खोट्या गटातल्यांना नंतर खऱ्याचा हक्क होताच. बोरसे तीनदा आले. दुसऱ्या मुलीने, नव्या टेक्निशियनने, हिरवं कडं लावलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपी काढून तिच्या हातात दिली. ती मला नंतर म्हणाली, "दीदी, ते पूर्ण वेळ माझ्याच तोंडाकडे बघत होते. मला म्हणाले, बेटा, तुझी चूक नाही, पण मी इथे बसून खरं-खोटंच करत राहतो." त्यानंतर ते आले नाहीत. डोडा पुन्हा सुरू झाला. टाइम ऑफिसात पेंगताना दोनदा सापडले, आणि वर्षभरात स्वेच्छानिवृत्ती घेऊन कुटुंब कन्नौदला गेलं.

डॉक्टर माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी माझं म्हणणं लिहून घेतलं, मला यंत्रावरून काढून पुन्हा मेंदूच्या आलेखाच्या कामावर पाठवलं, आणि बोरशांच्या सगळ्या नोंदी संशोधनातून वगळल्या. पहिल्या वीस बैठकांच्याही. मी विचारलं, "त्या तर नियमाप्रमाणे होत्या?" ते म्हणाले, "तुम्हाला कडं ओळखू येत होतं, बाई. मग त्या नियमाप्रमाणे कशा?" इतरांच्या नोंदींचं त्यांनी काय केलं, ते मला सांगितलं नाही, आणि विचारायचा मला हक्क उरला नव्हता.

दोन वर्षांनी मी कन्नौदला गेले. न कळवता गेले, कारण कळवलं तर नको म्हणतील असं वाटलं. मंडीच्या मागच्या गल्लीत घर होतं. बोरसे ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. वाळले होते, डोळे बारीक झाले होते. पण मला बघून उठले. शकुंतलाबाईंनी पाणी आणलं. वैशालीचं लग्न झाल्याचं सांगितलं.

मी माफी मागितली. घरून चार-पाच वाक्यं ठरवून गेले होते, त्यातली दोनच आठवली. बोरसे म्हणाले, "जाऊ द्या. माझा हात काही तुम्ही तोडला नाही."

मग त्यांनी विचारलं, "एक सांगा. ते जे वीस दिवस होते, कागदावरचे. त्याचा कुणाला उपयोग झाला का? म्हणजे माझं लिहून घेतलेलं. पुढे कुणाला असं जळायला लागलं, तर त्या लिहिलेल्याने त्याला काही फायदा होईल ना? मी तेवढंच धरून आहे."

मला 'हो' म्हणता आलं असतं. तपासायला कोण जाणार होतं? कन्नौदला ते कागद कधीच आले नसते. शकुंतलाबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना कोणतं उत्तर हवं होतं ते स्पष्ट दिसत होतं.

"नाही," मी म्हणाले. "तुमच्या नोंदी काढून टाकल्या. माझ्यामुळे. शनिवारांमुळे, आणि मला कडी ओळखू येत होती त्यामुळे. तुमचं काहीच धरलं नाही त्यांनी."

ते ओट्यावरून समोर गल्लीत बघत राहिले. एक ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ बसेपर्यंत. मग म्हणाले, "अच्छा." थोड्या वेळाने पुन्हा, "अच्छा." आणि शकुंतलाबाईंना म्हणाले, "ताईंना साडेचारची बस मिळेल. सोडून ये."

स्टँडपर्यंत शकुंतलाबाई माझ्याबरोबर चालत आल्या. बस लागलेली होती. मी चढायला पाय उचलला तेव्हा त्यांनी माझा दंड धरला.

"ताई, ते तुम्हाला काय म्हणतात ते त्यांचं. मला दोन वर्षं धडधाकट नवरा मिळाला. टेकडी चढलो आम्ही. ती दोन वर्षं खोटी होती असं मी कुणाला म्हणू देणार नाही, तुम्हालासुद्धा नाही." त्यांनी हात सोडला. "पण आज तुम्ही त्यांना हो म्हणायला पाहिजे होतं. पुन्हा येऊ नका."

मी खिडकीशी बसले. बस निघेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या, पण माझ्याकडे पाठ करून. त्यानंतर मी कन्नौदला गेले नाही. त्या दिवशी तरी मी बरोबर वागले की नाही, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.